डाव्या हाताचा मळ

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी एक डिजिटल पियानो आहे. ८८ पट्ट्यांचा, आणि त्याचे २१ हप्ते मी फेडलेत. लेकीनं आठवीत असताना हट्ट केला म्हणून घेतला, मग दहावी आली, मग बारावी, मग ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि पियानो इथंच राहिला, त्यावर आधी कव्हर आलं, कव्हरवर इस्त्रीला द्यायचे कपडे आले, आणि दिवाळीला त्याच्यावर फराळाचे डबेसुद्धा येऊन गेले. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी मी कपड्यांचा ढीग बाजूला केला आणि वायर लावून बघितली. चालू होता. मी ५१ वर्षांची, बँकेत नोकरी, पेटी वाजवता येते पण शेवटची वाजवून बरीच वर्षं झालेली. म्हटलं, पट्ट्या त्याच आहेत की. पांढरी एक म्हणजे पांढरी एकच. सा रे ग म उजव्या हातानं झरझर वाजलं आणि मला एकदम वाटलं, पियानो म्हणजे काय, आपल्या डाव्या हाताचा मळ.

तर पुढचं सगळं त्या डाव्या हाताबद्दलच आहे.

इथं कोल्हापुरात राजारामपुरीत एक मुलगा क्लास घेतो. वय असेल २४-२५, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलाय, हात एकदम तयार. मी त्याला सर म्हणते, तो मला काकू म्हणतो, दोघांनाही सुरुवातीला अवघड गेलं, आता सवय झाली. क्लासमध्ये बाकी सगळी सहा ते बारा वर्षांची पोरं, त्यांच्या आया बाहेर बाकड्यावर बसलेल्या असतात, मी आत गेले की त्यांना वाटतं हिचं पोर कुठाय. पहिल्या दिवशी सरांनी एक पुस्तकातलं सोपं परदेशी लोकगीत काढून दिलं, वरच्या ओळी उजव्या हाताला, खालच्या डाव्याला. वरचं मी वाजवलं. सर खूश. मग म्हणाले, आता डावा हात घ्या काकू, करंगळीला एक नंबर म्हणू नका, डाव्याची करंगळी म्हणजे पाच, अंगठा एक, उजव्यासारखंच. डाव्याला फक्त दोन सूर होते. सा आणि प. करंगळी आणि अंगठा. एवढंच. आणि मला ते येईना.

म्हणजे नुसता डावा वाजवला तर येत होतं. नुसता उजवा तर येतच होता. दोन्ही एकत्र घेतले की डावा हात काहीतरी भलतंच करायला लागायचा, बोटं सुटी व्हायचीच नाहीत, चारही बोटं एकमेकांना चिकटून पंख्यासारखी उघडायची आणि मिटायची, मनगट पुढं-मागं. सरांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "काकू, माशी हाकलताय का?"

मला हसू आलं आणि हसता हसताच कळलं मी काय करत होते. मी भाता मारत होते.

पेटीवाल्याचा डावा हात सूर वाजवत नाही, हे मी आयुष्यभर बघत आले आणि एकदाही त्याचा विचार केला नाही. उजवा हात वाजवतो. डावा मागं भात्यावर, चार बोटं वरच्या कडेला, दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. टाळ्या उजव्याला. कार्यक्रमाच्या फोटोतसुद्धा डावा हात पेटीमागं लपलेला असतो. आपल्या भाषेतच बघा ना, लेक चांगल्या घरी दिली की ती उजवली, दुसऱ्यापेक्षा सरस असलं की उजवं, आणि एखाद्याला बाजूला सारलं की त्याला डावललं. डावं-उजवं करू नये म्हणतो आणि शब्दातच करून ठेवलंय.

आमचे आण्णा शुक्रवार पेठेतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. दिवसा दुकानात हिशेब लिहायचे, गुरुवारी आणि एकादशीला भजन. कोल्हापूरला पेटीचं काय वेड होतं हे आता सांगून खरं वाटत नाही, गोविंदराव टेंबे इथलेच, १८८१ चा जन्म, आपल्याकडचा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला त्याचं संगीत त्यांचं, आणि पेटीवर त्यांचा हात असा की आण्णांच्या पिढीतले लोक नाव घेताना कानाला हात लावायचे. देवल क्लबात कुणाचं गाणं असलं की आण्णा मला घेऊन जायचे आणि गायकाकडं बघायचेच नाहीत, पेटीवाल्याच्या समोर बसायचे. आणि रेडिओवर त्यांचा राग. आकाशवाणीनं १९४० पासून पेटीला बंदी घातली होती, ती थेट १९७१ ला उठायला लागली, कारण काय तर पेटीत मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर निघत नाही. "मग तुमच्या रेडिओत तरी काय निघतंय, खरखर," असं आण्णा म्हणायचे. बंदी उठून पंधरा वर्षं झाल्यावरसुद्धा म्हणायचे.

त्यांनी मला पेटी शिकवली तेव्हा पहिला महिना उजवा हात लावू दिला नाही. खरंच. एक पट्टी दाबून धरायला सांगायचे आणि डाव्या हातानं फक्त भाता. सूर हलला नाही पाहिजे, फुगला नाही पाहिजे, विझला नाही पाहिजे. "रिकामा व्हायच्या आत भर," हे त्यांचं एकच वाक्य. मी कंटाळून रडायचे. सात वर्षांच्या पोरीला भात्यात काय इंटरेस्ट? पण त्या महिन्यात डाव्या हातात जे काही बसलं ते चाळीस वर्षांनी राजारामपुरीत बाहेर आलं.

ती पेटी आता नाही. आहे, पण नाही. आण्णा गेले त्यानंतर ती माहेरीच होती, २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्याकडं पोरांनासुद्धा पाठ असतं, त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. भावानं फ्रिज उचलला, गॅसची टाकी उचलली, आईला उचलली, पेटी कॉटवर ठेवली. पाणी कॉटच्या वर आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आत जाता आलं तेव्हा लाकूड फुगलेलं, भात्याचं कापड सुटून लोंबत होतं आणि उघडून बघितलं तर आतले पितळी सूर हिरवे पडलेले. भात्याच्या घड्यांमधून चिखल निघाला, बारीक, मऊ, मेंदीसारखा. भाऊ म्हणाला दुरुस्त करून आणूया. कुणी आणली नाही.

असो. पियानोवर येते.

पियानोचा आणि पेटीचा मोठा फरक मला पट्ट्यांत नाही, विझण्यात सापडला. पेटीचा सूर जोपर्यंत दाबलाय आणि वारा आहे तोपर्यंत जिवंत. पियानोत आत हातोडी तारेवर पडते, आणि पडली की सूर त्या क्षणापासून मरायलाच लागतो. माझ्या डिजिटलमध्ये हातोडी नाही, तार नाही, तरी त्यांनी ते मरणसुद्धा नक्कल करून घातलंय. सा दाबून धरला तर पाच-सहा सेकंदांत कान लावून ऐकावा लागतो. म्हणजे खाली सा धरून ठेवायचा, तानपुऱ्यासारखा, हे होतच नाही, तो परत परत वाजवावा लागतो. माझ्या डाव्या हाताला ही गोष्ट पटतच नव्हती. तो दाबून धरायचा आणि वाट बघायचा.

दोन-तीन महिने मी ते पुस्तकातलं गाणं घासलं. सरांनी मग डाव्याला जरा अवघड दिलं, सा प ग प, सा प ग प, त्याला अल्बर्टी बेस म्हणतात, डोमेनिको अल्बर्टी नावाच्या १८ व्या शतकातल्या इटालियन माणसाच्या नावावरून. तेही बसलं. रोज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं, कानाला हेडफोन, नवरा बातम्या बघतोय आणि त्याला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येतेय. "टायपिंगची परीक्षा आहे का," विचारून झालं त्याचं.

मग मला आज्जीची ओवी आठवली. आठवली म्हणजे काय, ती कायम होतीच. १९९१ साली चुलत्यानं नवीन टेपरेकॉर्डर आणला होता आणि जो समोर येईल त्याला रेकॉर्ड करत सुटला होता, त्यात आज्जी सापडली. भोगावतीच्या काठचं आमचं गाव, तेव्हा गावात गिरणी येऊन जमाना झाला होता, जात्यावर कोणी पीठ दळत नव्हतं, पण डाळ भरडायला जातं लागायचं. आज्जी हरभरे भरडत होती आणि चुलत्यानं टेप पुढं धरला. नऊ मिनिटं. मध्ये एकदा कोंबडी ओरडते, एकदा कुणीतरी दारातून "चहा ठेवू का" म्हणतं, आज्जी थांबत नाही. कॅसेट पुराच्या आधीच भाच्यानं मोबाइलवर घेतली होती म्हणून वाचली.

चाल अगदी लहान. मंद्र नी पासून म पर्यंत, पाच सूर, उजव्या हाताच्या पाच बोटांखाली आपोआप बसणारी. जणू पियानोच्या पहिल्या धड्यासाठीच केलेली. आज्जीचा सा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठंतरी आहे आणि तिचा ग तर कुठल्याच पट्टीवर नाही, कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली, त्याला पियानोत जागाच नाही. रेडिओवाल्यांचं म्हणणं मला त्या रात्री पहिल्यांदा पटलं, आण्णा माफ करा. मी पांढरी एक धरली, ग शुद्ध घेतला आणि वाजवलं. बरं वाटलं. मग डाव्याला काय द्यायचं?

सरांना ऐकवलं. त्यांनी एका मिनिटात खाली कॉर्ड बसवले, म्हणजे एकदम दाबायचे तीन-तीन सूर. सा ग प, मग म ध सा, आणि ओळ रे वर टेकते तिथं प नि रे. एकदम चोख. आणि ऐकताना मला असं वाटलं की आज्जीला कुणीतरी फ्रॉक घालून स्टेजवर उभी केलीय. नऊवारीतली, पदर खोचलेली बाई, आणि खाली हे नाताळचं डेकोरेशन. सरांना कसं सांगायचं? मी म्हटलं, छान आहे पण जरा जास्तच आनंदी वाटतंय. त्यांनी सा ग प मधला ग कोमल करून सा ग॒ प केला. आता आज्जी फ्रॉक घालून रडायला लागली.

सर चांगले आहेत, चिडले नाहीत. उलट पुढच्या वेळी एक पुस्तक घेऊन आले. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक, हा माणूस १९०६ पासून कोडाय नावाच्या दोस्ताला घेऊन, फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरला आणि शेतकऱ्यांची गाणी गोळा केली, आमच्या चुलत्यासारखंच, फक्त जास्त सीरियसली. मग त्यानं १९०८-०९ च्या सुमाराला त्या गाण्यांचे पियानोसाठी ८० च्या वर लहान लहान तुकडे लिहिले, शिकणाऱ्या पोरांसाठी, लहान हात सप्तकभर ताणावा लागू नये अशा बेतानं. त्यातले काही सरांनी वाजवून दाखवले. मी डाव्या हाताकडंच बघत होते. एका ठिकाणी तो हात ओळीच्या ओळी दोनच सूर धरून बसला होता, वर गाणं कुठंही जाऊ दे, हा जागचा हलत नव्हता. मी म्हटलं सर, हे तुणतुणं आहे. शाहिराच्या मागं उभा असतो तो माणूस. सर हसले, म्हणाले असंच काहीसं.

कोल्हापुरात राहणाऱ्याला खरं तर हे कुणी सांगायची गरज नाही. हलगी वाजते तेव्हा सगळ्यांचं लक्ष हलगीवर, कडकड कडकड, अंगावर काटा, पण जरा लांब जाऊन ऐका, खासबाग कुस्ती मैदानाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून ऐका, हलगी ऐकूच येत नाही धड, पोटात येतं ते घुमकं, हलगीच्या साथीचं घुमणारं वाद्य. तालीम मंडळाच्या मिरवणुकीतसुद्धा हलगीवाला पुढं नाचत असतो, घुमकंवाला मागं मान खाली घालून. काढून टाका त्याला एकदा, मग बघा हलगीचं काय होतं. पत्र्याच्या डब्यावर पाऊस.

तर मी सा आणि प वर परत आले. पहिल्या दिवशी जे आलं नव्हतं तेच. करंगळी आणि अंगठा. पण कसं वाजवायचं? सरांनी विचारलं, "काकू, मात्रा किती?" घरी येऊन मोजायला बसले आणि मोजता येईना. रेकॉर्डिंगमध्ये खाली जात्याची घरघर अखंड आहे, तिला एक ठेका आहे, ओढताना जड आवाज आणि लांब जाताना हलका. मोबाइलवर मोजलं तर मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे. पण ओवीची पहिली ओळ पाच फेऱ्यांत बसते, दुसरी सहा, तिसरी परत पाच आणि थोडं. चौथी मधेच. ओळ कुठंही सुरू होते, जात्याचं आणि तिचं जमत नाही आणि तरीही चुकल्यासारखं एकदाही वाटत नाही. आज्जी जात्याच्या तालात गातच नाही. जातं आपलं फिरतंय, ती त्याच्यावर बसून गातेय, बैलगाडीत बसून गप्पा माराव्या तसं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण मी हजारदा ऐकलीय, ऑफिसात कामाला लागलं की जमेल अशा अर्थानं वापरलीय. शब्दशः कधी घेतली नव्हती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या बऱ्याच आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात, मी रात्री रात्री ऐकल्या. मुळशीच्या बायका, बीडच्या बायका, कोण कोण. सासरचं, भावाचं, रामाचं, विठ्ठलाचं, बाबासाहेबांचंही. चाली वेगळ्या पण खालचं ते सैल, जड फिरणं ओळखीचं.

मग मी ठरवलं डाव्या हातानं जातं फिरवायचं. सा जड, प हलका. सा ओढणं, प सोडणं. मेट्रोनोम, ते ठोके देणारं यंत्र, ५० वर. आणि उजव्यानं वर ओवी, मात्रा न मोजता. ऐकायला सोपं वाटतंय ना? पंधरा दिवस मी रडकुंडीला आले. कारण उजवा हात मोकळा गायला लागला की डावा त्याच्या मागं पळतो, आणि डाव्याला धरून बसवलं तर उजवा कवायत करायला लागतो. सरांनी युक्ती सांगितली, उजवा हात बंद, डाव्यानं वाजवायचं आणि तोंडानं गायचं. तेही जमेना. मग म्हणाले, गाऊ नका, नुसतं बोला, काहीही, डावा चालू ठेवायचा आणि माझ्याशी गप्पा मारा. तर मी डाव्या हातानं सा प सा प करत त्यांना बँकेतल्या भानगडी सांगितल्या, केवायसीच्या रांगा, एक आजोबा पासबुकात फुलं ठेवतात ते, आणि सात-आठ मिनिटांनी लक्षात आलं की हात चालू आहे. त्या दिवशी घरी येताना बसस्टॉपवर, भाजी घेताना, पिशवीच्या बंदावर डावा हात आपला चालूच.

आणि मग तो भाता आला परत. पण या वेळी उपयोगाला. सा वर मनगट किंचित दाबायचं आणि प वर सोडायचं, हे मी शिकलेच नव्हते नव्यानं, ते हातात होतंच, दाबणं आणि सोडणं, रिकामा व्हायच्या आत भर. पियानोचा सा विझत आला की हात आपोआप पुढचा सा देत होता, जरा आधी, मेट्रोनोमच्या जरा आधी कधी कधी. सरांनी मेट्रोनोम बंद केला. काही बोलले नाहीत, नुसता बंद केला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. आईला फोनवर ऐकवलं. आई ७८ ची, माहेरी भावाकडं असते. आज्जी म्हणजे तिची सासू, दोघींनी समोरासमोर बसून जातं ओढलेलं, लग्न होऊन आली तेव्हा गिरणी नव्हती. मी स्पीकरवर फोन ठेवला, हेडफोन काढला, आणि पूर्ण वाजवलं, तीन ओव्या, कुठंही न थांबता. पलीकडं शांत. मला वाटलं रडतेय. मी म्हटलं, आई?

"ऐकतोय की," आई म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, ऐकतो. "चाल तीच हाय. पण काय गं, ही रिकामं जातं किती वेळ फिरवणार?"

"म्हणजे?"

"वैरण कोण घालायचं?"

मला आधी कळलं नाही. वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची धान्याची मूठ, शब्द माहीत होता, पण इथं तिचं काय? आई म्हणाली रिकामं जातं ओढू नये, दगडावर दगड घासतो, तळ्या खराब होतात, शिवाय घरात भांडणं होतात. (हे दुसरं कारण तिनं पहिल्यापेक्षा ठामपणे सांगितलं.) "चार-पाच फेरं झालं की मूठ टाकायची. तवा जातं जड हुतंय, आवाज बदलतोय. तुझं पहिल्यापासनं शेवटपतूर एकच आवाज."

"मूठ कुठल्या हातानं टाकायची?"

"आता हे बी विचार. उजव्यानं वडायचं, डाव्यानं वैरण. खुंटा सोडायचा न्हाई. आणि दमलं की हात बदलायचा, डाव्यात खुंटा घ्यायचा. एकाच हातानं कोण दळतंय पायलीभर?"

मी फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग परत लावलं. इतकी वर्षं ऐकतेय. आहे की. दर चार-पाच फेऱ्यांनी घरघर एकदम दबते, जाडसर होते, कुरकुर येते, मग हळूहळू परत मोकळी होत जाते, आणि दबते त्याच्या थोडं आधी बांगड्यांचा आवाज येतो, तो मला नेहमी उगीचच आलाय असं वाटायचं. ती आज्जी डावा हात सुपात घालत होती. आणि आणखी एक, ओवीची ओळ बरेचदा तिथंच तुटते, मूठ टाकताना, आणि टाकून झाली की पुढं निघते. ओळ पाच फेरे घेणार का सहा हे ती मूठ ठरवत होती. मी आणि सर मात्रा मोजत बसलेलो.

सगळं बदलावं लागलं. पाचव्या फेऱ्याला डाव्या हातात खाली एक जाड, दबका सूर आला, खर्जातला सा आणि त्याला खेटून रे, दोन्ही एकदम, कुरकुरणारा. सरांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतः वाजवून बघितला, मग म्हणाले ठेवा. त्याच्यावर उजवा हात थांबतो. मग पुढचे फेरे एकेक करत हलके होतात. हे बसायला आणखी तीन आठवडे गेले आणि अजून दहातल्या तीन वेळा चुकतंच, मूठ सांडते.

हात बदलायचं मात्र मी टाळत होते. सर म्हणाले करून तर बघा, बार्टोकसुद्धा कुठं कुठं गाणं खाली देतो. परवा रविवारी नवरा रंकाळ्यावर फिरायला गेला होता, घरात कोणी नव्हतं, हेडफोन काढला. दोन ओव्या नेहमीसारख्या झाल्या. तिसरीला उजवा हात खाली उतरवला आणि सा प, सा प त्याच्याकडं दिलं, आणि चाल डाव्या हातात घेतली, अंगठ्यापासून खाली. करंगळी मंद्र नी वर पोचेपर्यंत थरथरत होती. ओळ मधेच अडली, उजव्यानं दोन फेरे जास्तीचे ओढले, तिसऱ्यावर डावा परत निघाला, हळू, एकेक बोट बघत बघत, आणि रे वर येऊन टेकला.